हवामान बदल, विकास आणि धोरण: कर्ज काढून ही एमएस्सी करावी का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय २७, सिव्हिलची पदवी, बेलापूरच्या एका सल्लागार कंपनीत चार वर्षं पावसाळी गटारांचं डिझाइन. हातात पगार ५२ हजार. पुढच्या सप्टेंबरला ब्रिटनमध्ये ‘हवामान बदल, विकास आणि धोरण’ या विषयाच्या एक वर्षाच्या एमएस्सीला जायचा विचार आहे. फी, राहणं-खाणं, व्हिसा धरून खर्च ३५ लाख, जवळजवळ सगळा कर्जातून. घरचे म्हणतात, इंजिनियर आहेस तर एमटेक कर, हे पर्यावरणाचं खूळ कुठून काढलंस? त्यांचा प्रश्न : जावं का, आणि परत आल्यावर नोकरी मिळेल का?

ताई, तुम्ही विचारलेत दोन प्रश्न, पण मला त्यात तिसराच दिसतो. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे : ‘दर पावसाळ्यात आम्ही काढलेली गटारं बरोबर असतात आणि पाणी तरी तुंबतं.’ तुमची चुळबुळ तिथून सुरू झालीय. म्हणून आधी त्यावर बोलतो, पैशाकडे नंतर येतो.

मी ठाण्यात राहतो, बावीस वर्षं पाण्याच्या कामात आहे. पहिली सात वर्षं तुमच्यासारखंच, पाइप आणि उतार. २०११ साली नोकरी सोडून ब्रिटनमध्ये याच जातीची एमएस्सी केली. तेव्हापासून पालिकांसाठी पूर, उष्णता, किनारा असले आराखडे करतो आणि वर्षाला दोन-तीन नवीन माणसं कामाला घेतो. म्हणजे या पदवीकडे मी विद्यार्थी म्हणूनही पाहिलंय आणि पगार देणारा म्हणूनही. दोन्ही बाजूंनी ती सारखी दिसत नाही.

तुम्ही पाइपचा व्यास काढता तेव्हा ताशी किती मिलिमीटर पाऊस धरता? शेजारच्या मुंबईतली जुनी गटारं ताशी २५ मिमीला, तीही ओहोटी असताना, पुरतील अशी होती. पुढच्या सुधारणा ५० मिमी धरून ठरल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. आता ५०च का? ७० का नाही? १०० का नाही? डिझाइनच्या दृष्टीने तो नुसता एक आकडा आहे, एक्सेलमध्ये बदलला की झालं. पण तो आकडा बदलला की खर्च वाढतो, खर्च वाढला की कुठल्या तरी वॉर्डाचा रस्ता मागे पडतो, पाइप रुंद झाला की कुणाची तरी टपरी किंवा झोपडी उठते. शहराने कोणती जोखीम पत्करायची आणि तिचा भुर्दंड कुणी सोसायचा, हे त्या एका आकड्यात ठरून बसलेलं असतं. आणि ते ठरलं त्या खोलीत तुम्ही नव्हता. हा अभ्यासक्रम त्या खोलीबद्दल आहे. एमटेकमध्ये तुम्ही तोच पाइप जास्त अचूक काढायला शिकाल. तेही वाईट नाही, पण तुमची चुळबुळ त्याने शमणार नाही.

हे नीट कळावं म्हणून तुमच्याच अंगणातलं उदाहरण घेतो. सिडको १९७० ची. नवी मुंबई उभारताना खाडीकाठची सगळी जमीन उंच भरायची तर भरावाचा खर्च अफाट, म्हणून डच पद्धतीवर होल्डिंग पॉण्ड, म्हणजे पाणी साठवायची तळी, काढले. भरती चढली की फ्लॅप गेट बंद, शहराचं पाणी पॉण्डमध्ये साठतं, ओहोटी लागली की गेट उघडून खाडीत. हुशार कल्पना. पण खाडीच्या पाण्याबरोबर गाळ येतो, गाळावर कांदळवन उगवतं, आणि पॉण्डची पोटं भरत जातात. गाळ काढायचा तर कांदळवन तोडावं लागतं. कांदळवन तोडायचं तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) मंजुरी आणि उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी, कारण हे संरक्षण मिळवायला लोक वर्षानुवर्षं कोर्टात झगडलेत. त्याच खाडीत ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आता सांगा, गाळ काढणं हवामान बदलाशी जुळवून घेणं आहे, की कांदळवन राखणं? दोन्ही. आणि एकाच पॉण्डमध्ये दोन्ही एका वेळी होत नाही.

हा पेच मला कळला तो नवी मुंबईत नाही, याची गंमत वाटते. कळला तो वर्गात, एका बांगलादेशी मित्राकडून. त्यांच्याकडे १९६० च्या दशकापासून किनाऱ्यावर बांध घालून १३९ पोल्डर, म्हणजे बांधांनी वेढलेले जमिनीचे तुकडे, केले. आतली शेती खाऱ्या पाण्यापासून वाचली. पण पूर्वी भरतीबरोबर जो गाळ शेतांवर पसरायचा, तो बांधांमुळे नद्यांच्याच पात्रात बसू लागला. पात्रं उथळ झाली, आतलं पावसाचं पाणी बाहेर जाईना, खुलना-जेसोरकडची गावं महिनोन्‌महिने पाण्यात. १९९० मध्ये बील डाकातिया या पाणथळ भागात लोकांनी स्वतःच बांध फोडले. पुढे त्यातूनच एकेका खोलगट भागात मुद्दाम काही वर्षं भरती आत घ्यायची, गाळ बसू द्यायचा, जमीन उंचावली की दुसरा भाग घ्यायचा, अशी पद्धत सरकारी कागदावर आली. ज्यांची शेतं तेवढी वर्षं पाण्याखाली, त्यांना भरपाई कशी द्यायची यावर भांडणं अजून आहेत. तो हे सांगत होता आणि मला समोर वाशीचा पॉण्ड दिसत होता. सात वर्षं मी ‘गाळ काढणे’ ही बाब अंदाजपत्रकात लिहीत होतो, दर घनमीटर इतके रुपये. गाळ कुठून येतो आणि का येतो, हे विचारायचं काम माझं नव्हतं.

अशा अभ्यासात खरं मिळतं ते हे. स्वतःच्या गावाचा पेच दुसऱ्याच्या गावात ओळखू येतो. हवामानशास्त्राची तोंडओळख, आंतरराष्ट्रीय कराराचं राजकारण, अर्थशास्त्र, शमन (उत्सर्जन घटवणं) आणि अनुकूलन (बदलाशी जुळवून घेणं) हे सगळं असतंच. आम्ही डर्बनच्या हवामान परिषदेवर थंडीत रात्री अकरापर्यंत भांडलोय. पण १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातलं ‘समान पण विभेदित जबाबदारी’ हे कलम मी आता वर्षातून एकदाही वापरत नाही. बील डाकातिया दर पावसाळ्यात वापरतो.

दुसरं मिळतं ते शब्दांवर संशय घेण्याची सवय. उष्णतेचं बघा. हवामान खात्याच्या व्याख्येत किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त लागतं. मैदानी भागात ४० अंश. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने माणसं दगावली. विदर्भाच्या हिशोबाने तो दिवस काही फार तापलेला नव्हता. पण दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, आणि तासन्‌तास एका जागी बसलेली माणसं. पारा काय दाखवतो आणि शरीराला काय सोसावं लागतं यात फरक असतो, आणि कोण उन्हात आहे हे तर थर्मामीटर सांगतच नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला तेव्हापासून देशभर असे आराखडे निघतायत, आणि त्यातले कित्येक एकमेकांची नक्कल आहेत. नुसती नक्कल करणारा सल्लागार मला बाजारात दहा मिळतात. ‘आपल्याकडे आर्द्रता कुठे धरलीय?’ असं विचारणारा एखादाच.

एवढं कौतुक झाल्यावर दुसरी बाजू. या पदवीने हातात कसब येत नाही. वर्षभरात तुम्ही वाचाल खूप, लिहाल खूप, वाद घालाल. पण पुराचं मॉडेल चालवणं, जीआयएस (नकाशांवर माहिती मांडायची संगणक प्रणाली), खर्च-लाभाचं गणित, उत्सर्जनाचा हिशोब, यातलं काही पोटापुरतं येईलच असं नाही. ज्याच्याकडे आधीच एक कसब आहे त्याला ही पदवी उंच नेते. ज्याच्याकडे नाही, तो परत येतो तेव्हा त्याच्याकडे उत्तम शब्द असतात आणि मला त्याला कुठल्या टेबलावर बसवावं ते कळत नाही. असे हुशार, मनाने चांगले उमेदवार मी नाकारलेत आणि नाकारताना वाईट वाटलंय. तुमच्याकडे चार वर्षांची गटारं आहेत. मुलाखतीत त्यांची लाज वाटू देऊ नका, तेच तुमचं भांडवल. घरच्यांनाही हेच सांगा की इंजिनियरिंग सोडत नाहीये.

आणि कसबही एकटं पुरत नाही, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. परत आल्यावरचं माझं पहिलं मोठं काम होतं खाडीकाठच्या एका प्रभागाचा पूरधोक्याचा नकाशा. उपग्रहाची चित्रं, जनगणना, पावसाचं मॉडेल, सगळं रंगीत आणि देखणं. नकाशात एक कोळीवाडा हिरवा होता, म्हणजे कमी धोका. बैठकीला तिथल्या एक आजी आल्या होत्या, मासळीची पाटी बाहेर ठेवून. म्हणाल्या, आमच्याकडे तर अमावास्या-पुनवेला पाऊस नसतानाही घरात पाणी येतं. मी पावसाची आकडेवारी काढायला लागलो. त्यांनी हात हलवला. “पावसाचं नाय, खाडीचं पानी हाय ते.” जाऊन पाहिलं तर उघाडीचं, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दाराचं, झापड मोडलेलं. उधाणाची भरती गटारातून उलटी आत शिरत होती. माझ्या मॉडेलमध्ये पाणी वरून खालीच वाहत होतं. वर्गात ‘स्थानिक ज्ञान’ या विषयावर मी चार हजार शब्दांचा निबंध लिहिला होता आणि चांगले गुणही मिळवले होते!

तर तुमच्यासाठी हे कशाकशावर अवलंबून आहे? सर्वांत आधी कर्ज. ३५ लाख, व्याज ११ टक्के धरू, मुदत दहा वर्षं. हप्ता महिन्याला साधारण ४८ हजार. त्यातही शिकत असतानाचं आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात चढू दिलंत तर हप्ता ५६ हजारांपर्यंत जातो. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तर थोडा कमी. तुमचा आजचा अख्खा पगार ५२ हजार आहे. परत येऊन पालिकांच्या सल्लागारात किंवा संस्थेत लागलात तर सुरुवातीच्या पगारात हा हप्ता भरून भाडं आणि लोकलचा पास निघणार नाही. मग माणसं काय करतात? जिथे पगार जास्त तिथे जातात, म्हणजे मोठ्या सल्लागार कंपन्यांच्या शाश्वतता विभागात. तेही काम खरं आहे. सेबीच्या नियमाने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा, अहवाल द्यावा लागतो, युरोपच्या कार्बन सीमाशुल्कामुळे पोलाद-ॲल्युमिनियमवाल्यांना उत्सर्जनाचा हिशोब लागतो, आपल्याकडे २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या निर्यातदार कारखान्यांतही आता ही विचारणा होते. पण तुम्हाला पॉण्डचं कोडं सोडवायचंय, आणि कर्ज तुम्हाला कारखान्यांचे तक्ते भरायला नेऊन बसवेल. शिवाय ते तक्ते भरायला ही पदवी लागतच नाही, हिशोबाचा एखादा छोटा कोर्स पुरतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पूर्ण कर्जावर जाऊ नका. शिष्यवृत्ती मिळाली किंवा निम्म्याहून जास्त खर्च कर्जाबाहेरून निघाला तर जरूर जा. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. पूर्ण खर्च देतात, मात्र संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. तुम्हाला तर परतायचंच आहे. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीही बघा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, ते कर्ज-शिष्यवृत्ती देतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. हे मी सर्वांसाठी लिहितोय, वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी उपयोगी पडेल. एक वर्ष शिष्यवृत्ती हुकली तर थांबा, पुन्हा भरा. २८ किंवा २९ हे या विषयासाठी मुळीच उशिराचं वय नाही. मी गेलो तेव्हा एकतिशीचा होतो आणि वर्गात माझ्याहून मोठे पाच जण होते.

ब्रिटनमध्ये कुठे, तर नावापेक्षा विषयांची यादी आणि शिकवणारी माणसं बघा. ससेक्स विद्यापीठात नेमक्या याच नावाची एमएस्सी आहे. तिथली विकास अभ्यास संस्था आणि विज्ञान धोरणाचं केंद्र दोन्ही १९६६ पासूनची, त्यामुळे ‘विकास’ आणि ‘धोरण’ या दोन शब्दांना तिथे वजन आहे. नॉर्विचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात हवामानशास्त्राची परंपरा जुनी आहे, तिथलं हवामान संशोधन केंद्र १९७२ चं. तुम्हाला राजकारण समजून घ्यायचंय की विज्ञान, यावर निवड ठरेल. तुमच्या पत्रावरून मला पहिलं वाटतं.

आता घराजवळचं, जे तुमच्या पत्रात मुळीच नाही आणि असायला हवं होतं. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हवामान बदल आणि शाश्वतता या विषयात पदव्युत्तर शिक्षण आहे. ऐरोलीहून वाशीला गाडी बदलली की गोवंडी. आयआयटी मुंबईत ‘सितारा’ या विभागात तंत्रज्ञान आणि विकास यातलं एमटेक आहे. घरच्यांना ‘एमटेक’ हा शब्द हवाय आणि तुम्हाला ‘विकास’, दोन्ही एका प्रमाणपत्रावर येतात! ‘गेट’ या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करावा लागेल. दिल्लीला टेरीच्या विद्यापीठात हवामान विज्ञान आणि धोरण ही एमएस्सी आहे. इथे दोन वर्षं जातात, तिथे एक. पण इथल्या दोन वर्षांत तुम्ही मंत्रालय, पालिका, कांदळवन कक्ष यांच्या पायऱ्या चढाल, आणि मी माणूस घेताना त्या ओळखींना परदेशी शिक्क्याइतकाच भाव देतो. कधीकधी जास्त.

परदेशाचा एक फायदा मात्र इथे मिळत नाही, तो म्हणजे वर्गातली माणसं. बांगलादेश, केनिया, फिलिपीन्समधले तुमच्यासारखेच नोकरी सोडून आलेले इंजिनियर, अधिकारी, कार्यकर्ते. माझा तो मित्र अजून दर जूनमध्ये फोन करतो, ‘तुमचे पॉण्ड कसे आहेत?’ म्हणून. याची किंमत ३५ लाख आहे का? शिष्यवृत्तीवर असाल तर आहे. ११ टक्क्यांवर नाही.

नोकरीचं सरळ सांगतो. काम वाढतंय. राज्याचं ‘माझी वसुंधरा’ हे पर्यावरण अभियान २०२० पासून चालू आहे, मुंबईने २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा आणला, राज्याचा हवामान कृती कक्ष झाला, जागतिक बँकेच्या पैशांतून मराठवाडा-विदर्भात कृषी संजीवनी प्रकल्प उभा राहिला. पण यातलं बरंचसं काम कंत्राटी असतं, निविदेच्या मुदतीपुरतं. आणि रोजचं काम म्हणजे डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल), एक्सेल, आणि अधिकाऱ्यासाठी दोन पानी टिपण. मराठीत. हे शेवटचं गंभीरपणे घ्या. ‘लवचिकता’ आणि ‘असुरक्षितता’ असले शब्द न वापरता सहायक आयुक्तांना कळेल असं टिपण लिहिता येणारा माणूस मला अजून हवा तितका मिळालेला नाही.

म्हणजे आत्तापर्यंत काय झालं : पदवी तुमच्या चुळबुळीला योग्य, तुमचं कसब तिच्या जोडीला आहेच, आणि कर्जाचा आकडा चुकीचा. राहिला अर्ज.

अर्जासोबतच्या हेतुपत्रात ‘लहानपणापासून निसर्गाची आवड’ असं लिहू नका. तिकडे ढिगाने तेच येतं. तुमचं प्रत्यक्ष काम दाखवा. येत्या पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं, ते भिंतीवर लावा. त्यातला एक दिवस जोराच्या पावसाचा निघाला की सुट्टी टाकून तुमच्या जवळच्या पॉण्डवर जा, गमबूट घालून. भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत थांबा. गेट कधी पडलं, पाणी किती चढलं, कुठल्या गल्लीत पहिलं शिरलं, कांदळवन कुठवर आलंय, शेजारच्या वस्तीतले लोक काय म्हणतात, सगळं वहीत लिहा. त्याची दोन पानं करा, एक इंग्रजीत हेतुपत्रासाठी, एक मराठीत. मराठीतलं मला पाठवा, वाचतो. आणि पंपहाउसच्या ऑपरेटरला त्याची लॉगबुक दाखवायला सांगा. कुणी कधी मागत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा तो चहा मागवून दाखवतो.